तेलविहिरीची दुरुस्ती बोअरची मोटार काढण्याइतकी सोपी का नसते?

आसाममधल्या शिवसागर जिल्ह्यात, रुद्रसागर क्षेत्रातल्या ओएनजीसीच्या एका जुन्या विहिरीतून १२ जून २०२५ रोजी वायू उफाळून वर आला. विहिरीचं तोंड बंद व्हायला २७ जून उजाडला. तोवर शेजारच्या वस्तीतली माणसं घरदार सोडून छावणीत राहिली. बातम्यांनी कारण एका ओळीत उरकलं: विहिरीचं सर्व्हिसिंग चालू होतं.

ही ओळ वाचून माणूस बुचकळ्यात पडतो. नवी विहीर खणताना काही झालं तर समजू शकतं, खाली काय लागेल ते कुणाला ठाऊक? पण वर्षानुवर्षं चालू असलेली विहीर, जिची खोली, थर, दाब सगळं कागदावर आहे, ती दुरुस्तीला घेतल्यावर कशी काय उफाळते? सांगली-साताऱ्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून इथली पोरं मेहसाणा, अंकलेश्वर, आखात अशा ठिकाणी रिगवर कामाला जातात. नेमणूकपत्रावर 'वर्कओव्हर रिग' लिहिलेलं असतं आणि घरात त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. रिग म्हणजे विहिरीवर उभा केलेला मनोरा आणि त्याची यंत्रं. वर्कओव्हर म्हणजे चालू विहिरीची मोठी दुरुस्ती, एवढंच.

बोअरशी साम्य कुठं संपतं

जत, आटपाडी, माण, खटाव या भागात बोअरची मोटार काढताना न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. तीन लोखंडी पाय उभे करायचे, चेनकप्पी लावायची, एकेक पाइप वर ओढायचा, क्लॅम्पनं धरायचा, जोड उघडून बाजूला ठेवायचा. तेलविहिरीवर दिसायला हेच चालतं. पायांच्या जागी ट्रकवरचा मनोरा येतो, चेनकप्पीच्या जागी इंजिनावर चालणारी विंच आणि क्लॅम्पच्या जागी 'स्लिप' नावाचे दातेरी पाचर. पाइप मात्र तसेच, जोडून खाली सोडलेले, प्रत्येकी नऊ-साडेनऊ मीटरचे.

बोअरवर वाईटात वाईट काय होतं? पाइप सुटतो, मोटार तळाला जाते, हात चेंगरतो. पण मोटार काढली म्हणून पाणी तिच्या मागोमाग उसळून अंगावर येत नाही. पाणी आपल्या पातळीला शांत बसलेलं असतं, म्हणून तर मोटार लागते. तेलविहिरीत खालचं द्रव्य बहुधा वर यायलाच टपलेलं असतं. तीन किलोमीटर खाली खडकाच्या बारीक छिद्रांत तेल आणि वायू कोट्यवधी वर्षं दाबून बसलेले असतात. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. या हिशेबानं ३००० मीटरवर ३०० किलोच्या आसपास दाब सहज असतो, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त. मोटारगाडीच्या टायरमध्ये हाच आकडा दोनच्या जवळपास असतो.

त्यामुळे बोअर आणि तेलविहीर यांचं साम्य जमिनीवर दिसणाऱ्या कामापुरतंच. खालचा हिशेब वेगळा आहे.

विहीर दुरुस्तीला येतेच का

विहिरीत बाहेरून आत पाहिलं तर आधी लोखंडी केसिंग असतं आणि ते खडकाला सिमेंटनं चिकटवलेलं असतं. त्याच्या आत ट्युबिंग, म्हणजे तेल वर आणणारा बारीक पाइप. जमिनीवर सगळ्यात वर व्हॉल्व्हांचा एक उभा जुडगा, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. सणाशी त्याचा काही संबंध नाही, पण जगभर नाव हेच.

काळ जातो तसं ट्युबिंग गंजून गळतं, तळाला वाळू साठते, मेण जमून पाइप तुंबतो, पंप बसवलेला असेल तर तो बिघडतो. कधी खालचा थर रिकामा होत येतो आणि वरच्या थरातून उत्पादन घ्यायचं ठरतं. मग जुना थर सिमेंटनं बंद करायचा आणि नव्या थरासमोर केसिंगला स्फोटकांनी छिद्रं पाडायची. यातलं जवळजवळ कुठलंही काम करायचं तर ख्रिसमस ट्री उतरवावी लागते आणि ट्युबिंग बाहेर काढावं लागतं. विहीर चालू असते तेव्हा तिला धरून ठेवणारी सगळी साधनं जागेवर असतात. दुरुस्तीत तीच साधनं आपण आपल्या हातानं सोडवतो.

खाऱ्या पाण्याचा हिशेब

मग वायू वर का येत नाही? कारण विहीर उघडण्याआधी ती जड द्रवानं भरतात. याला विहीर 'किल' करणं म्हणतात. खोदाईत चिखलासारखा मड वापरतात, पण दुरुस्तीत तो बहुतेक वेळा टाळतात. त्यानं तेल देणारी छिद्रं बुजली तर दुरुस्तीचा उपयोग काय? म्हणून खारं पाणी, म्हणजे ब्राइन. मीठ विरघळवून पाण्याचं वजन सव्वा पटीच्या जवळ नेता येतं, कॅल्शियम क्लोराइड वापरलं तर आणखी वर.

आता एक ढोबळ गणित करू. विहीर ३००० मीटर खोल, ब्राइन पाण्याच्या १.२ पट जड. तळाशी त्याचा दाब ३६० किलो. समजा खडकातला दाब ३४५ आहे. म्हणजे आपली सरशी फक्त १५ किलोची. ही सरशी वाटेल तेवढी वाढवताही येत नाही, कारण द्रव फार जड केला तर तो थरात शिरतो आणि विहिरीतली पातळी उलट खाली जाते.

पाइप काढायला सुरुवात झाली. साधारण तीन इंची ट्युबिंगच्या एका मीटरमधलं नुसतं पोलाद सव्वा लिटर जागा व्यापतं. तीन हजार मीटर पाइप काढला म्हणजे जवळजवळ ३७०० लिटर आकारमानाचं लोखंड विहिरीतून बाहेर आलं. तेवढी जागा रिकामी झाली, म्हणून द्रवाची पातळी खाली गेली. सात इंची केसिंगमध्ये मीटरला साधारण १९ लिटर मावतात. म्हणजे पातळी १९० मीटरच्या वर घसरली आणि तळाचा दाब २३ किलोनं उतरला. आपल्याकडे होते १५. सगळा पाइप निघायच्या कितीतरी आधीच खडकाची बाजू वरचढ झालेली असते.

म्हणून पाइप काढताना विहीर सतत भरत राहावं लागतं. जेवढं लोखंड बाहेर आलं, बरोबर तेवढा द्रव आत गेला पाहिजे. हे मोजायला 'ट्रिप टँक' नावाची लहान टाकी असते. दहा पाइप काढले आणि विहिरीनं हिशेबापेक्षा कमी द्रव घेतला, तर उरलेल्या जागेत काय शिरलं? खालून तेल किंवा वायू. एवढी साधी वजाबाकी रात्री तीन वाजता, पावसात, पाइप मोजणारा पोरगा नीट करतो की नाही, यावर रिगवरच्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. महागडं यंत्र कुणीही कौतुकानं दाखवेल, ट्रिप टँकची वही कुणी दाखवत नाही.

पाइप ओढण्याचा वेगही महत्त्वाचा. पाइपाच्या टोकाला पॅकरसारखं, म्हणजे ट्युबिंग आणि केसिंगमधली फट बुजवणारं, जाड अवजार असेल आणि ते झपाट्यानं वर खेचलं, तर त्याच्याखाली ओढ तयार होते आणि तळाचा दाब क्षणभर उतरतो. त्या क्षणात वायू आत शिरतो. याला 'स्वॅबिंग' म्हणतात. शिफ्ट संपत आली, पाइप लवकर उरकू, अशी घाई इथं थेट तळाशी पोचते.

आधी काहीच का दिसत नाही

आत शिरलेला वायू लगेच दिसत नाही, आणि लोक फसतात ते इथंच. तळाशी ३६० किलो दाबाखाली एक लिटर जागा घेणारा वायू जमिनीवर येईपर्यंत ढोबळमानानं तीनशे लिटरच्या वर जातो. पण ही फूग सारखी होत नाही. अर्ध्या वाटेवर तो अजून दुप्पटच झालेला असतो, टाकीतल्या पातळीत फरक जाणवतही नाही. शेवटच्या शंभर मीटरमध्ये मात्र त्याच्यावरचा दाब तेरा किलोवरून एकवर येतो, म्हणजे एवढ्याशा अंतरात तो तेरा पट होतो. तो वरचा द्रव बाहेर फेकतो, द्रव गेला की दाब आणखी उतरतो, दाब उतरला की खालून आणखी वायू येतो. 'अचानक उफाळली' असं साक्षीदार सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. गडबड मात्र काही तास आधीच सुरू झालेली असते.

पण बीओपी असते ना?

थोडीफार माहिती असलेला माणूस हे हमखास विचारतो. ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी, हे विहिरीच्या तोंडावर बसवलेलं अवजड पोलादी यंत्र. त्यात हायड्रॉलिक दाबानं सरकणारे जबडे असतात. काही पाइपाभोवती घट्ट बसतात, काही रिकामं तोंड बंद करतात, काही पाइप कापूनच बंद होतात. वीज गेली तरी ते चालावेत म्हणून नायट्रोजन भरलेल्या बाटल्यांत दाब साठवून ठेवतात.

यंत्र चांगलं आहे, पण त्याच्या मर्यादा समजून घ्यायला हव्यात. साधारणपणे ते आपणहून बंद होत नाही, कुणीतरी वेळेत ओळखून कळ दाबावी लागते. पाइपाभोवतीचा जबडा बंद केला तरी पाइपाच्या आतली वाट उघडीच राहते. त्यासाठी वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह रिगच्या फळीवर, हाताशी, उघड्या स्थितीत तयार ठेवावा लागतो. आणि यंत्र चुकूही शकतं. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन रिगवर ११ जण गेले. तिथं विहीर तात्पुरती बंद करण्याचं काम चालू होतं. विहीर घट्ट बसली आहे का हे पाहणाऱ्या दाब-चाचणीचे आकडे विचित्र येत होते, तरी चाचणी पास झाली असं धरलं गेलं. पुढं बीओपीच्या कापणाऱ्या जबड्याला आत वाकलेला पाइप नीट कापता आला नाही.

यावर या क्षेत्रानं काढलेला नियम असा: खालचा दाब आणि माणसं यांच्यामध्ये कुठल्याही क्षणी किमान दोन अडसर हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले आणि दोन्ही तपासून घेतलेले. ब्राइनचा स्तंभ हा एक अडसर. बीओपी दुसरा. विहिरीत पक्का बसलेला सिमेंटचा प्लग हाही अडसर, पण तो पक्का बसला आहे हे दाब देऊन तपासल्यावरच.

अडसर बदलण्याची घटका

बीओपी विहिरीवर कायम राहत नाही. काम संपलं की ती उतरवून पुन्हा ख्रिसमस ट्री चढवायची असते. एक निघाली आहे आणि दुसरी अजून बसलेली नाही, असा मधला काळ येतोच. त्या काळात विहिरीचं तोंड उघडं असतं.

आसाममधल्या तिनसुकिया जिल्ह्यात ऑइल इंडियाच्या बाघजान-५ या विहिरीवर २७ मे २०२० रोजी हेच घडलं. वर्कओव्हर चालू होतं, जुना थर बंद करून नव्या थरातून वायू घ्यायचा होता. बीओपी उतरवली गेली आणि विहीर उफाळली. ९ जूनला वायूनं पेट घेतला, आग विझवायला आलेले दोन जवान गेले. शेजारचं मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे मोठं पाणथळ सरोवर, आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान यांना झळ बसली. दाबाखालच्या विहिरीत पाइप ढकलणारं खास यंत्र कॅनडाहून विमानानं आणावं लागलं आणि विहीर शांत झाली १५ नोव्हेंबरला. राष्ट्रीय हरित लवादानं नेमलेल्या समितीनं ठपका ठेवला तो नेमका या घटकेवर: पक्का, तपासलेला दुसरा अडसर नसताना बीओपी काढली.

पेपरात अशा वेळी 'मानवी चूक' असं छापून येतं. मला हे आळशी उत्तर वाटतं. सिमेंट घट्ट व्हायला तास लागतात आणि त्या तासांत रिगचं भाडं चालूच राहतं, विहीर बंद असते, वरून फोन येत असतात. वाट पाहण्याचा खर्च लगेच दिसतो, वाट न पाहण्याचा दिसत नाही. ही चूक हाताची कमी आणि वेळापत्रकाची जास्त.

वास येईनासा झाला की

काही विहिरींत वायूबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. सडक्या अंड्यांचा वास येणारा हाच. थोडा असतो तेव्हा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच मरते, वास थांबतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. पाचशेच्या पुढं माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजारावर श्वास जागीच थांबू शकतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्यात, विहिरीच्या तोंडाभोवतीच्या सिमेंटच्या हौदात साचतो. चीनमध्ये २३ डिसेंबर २००३ रोजी 'काय' नावाच्या काउंटीत, म्हणजे तालुक्यासारख्या भागात, पाइप काढतानाच वायुविहीर उफाळली आणि या वायूनं २४३ माणसं गेली. त्यातले बहुतेक आसपासच्या गावांतले लोक होते.

म्हणून रिगवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी असते. वायूचा भोंगा वाजला की वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला, आडव्या वाटेनं निघायचं. पडलेल्या सोबत्याला उचलायला श्वासाचं उपकरण लावल्याशिवाय जायचं नाही.

कागद भरून काय होतं?

'परमिट', म्हणजे कामाचा लेखी परवाना, हा कामगारांना कटकटीचा वाटतो. बऱ्याच ठिकाणी तो खरंच नुसता भरण्यापुरता भरला जातो, हेही मान्य. पण स्कॉटलंडजवळच्या समुद्रात ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा या तेल काढणाऱ्या मंचावर काय झालं ते पाहा. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरतं झाकण लावलं होतं. पंपाचा परवाना वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा. रात्रपाळीला दुसऱ्या कागदाचा पत्ता नव्हता. चालू पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. १६७ जण गेले. एका कागदाची माहिती पुढच्या पाळीला मिळाली असती तर त्या रात्री कुणी त्या पंपाला हात लावला नसता.

रोजच्या जखमा मात्र याहून साध्या असतात. जोड फिरवणाऱ्या टाँगमध्ये बोटं सापडतात, मनोऱ्यावरून पाना खाली पडतो, वर फळीवर उभा असलेला टॉपमन पट्टा न अडकवता वाकतो, मनोऱ्याला ताण देणारे दोर सैल असतात. यात समजावण्यासारखं फार नाही. पट्टा अडकवायचा, हत्यार दोरीनं बांधायचं, ओढल्या जाणाऱ्या पाइपाखाली उभं राहायचं नाही.

आपल्याकडे तेलच नाही, मग?

खरं आहे. आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ आहे. कोयनेजवळ गोठणे इथं भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. कराडची भूविज्ञान प्रयोगशाळा त्याच प्रकल्पाची. तिथं बसाल्टखाली ग्रॅनाइट लागला. तेल शोधायला ते खणलंच नव्हतं.

पण हायड्रोजन सल्फाइडला कातळाशी देणंघेणं नाही. साखर कारखान्यांच्या आसवनीचं सांडपाणी, बायोगॅसच्या टाक्या, मैल्याच्या टाक्या, गाळ साचलेल्या बंद जागा, सगळीकडे तो तयार होऊ शकतो. असल्या अपघातांत पहिला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, तिसराही जातो. रिगवरचा श्वासाच्या उपकरणाचा नियम इथं जसाच्या तसा लागू आहे.

पोरगं रिगवर निघालं असेल तर

भारतात जमिनीवरच्या तेलविहिरी कायद्यानं खाणींत मोडतात. त्यांच्या सुरक्षेवर खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते, आणि २०१७ चे ऑइल माइन्स रेग्युलेशन्स हे त्यासाठीचे नियम. रिग कंत्राटदाराची असली तरी नियम तेच. त्यामुळे नव्यानं जाणाऱ्यानं काही गोष्टी विचारल्या तर त्यात आगाऊपणा नाही. कामाला लावण्याआधी प्रशिक्षण किती दिवसांचं आणि ते पगारी आहे का? हायड्रोजन सल्फाइडचं प्रशिक्षण आणि अंगावर लावायचा मीटर मिळतो का? बीओपी बंद करण्याची कवायत दर आठवड्याला होते का, रात्रपाळीतही होते का? बारा तासांची पाळी असेल तर सलग किती दिवस? काही विचित्र दिसलं तर नवा पोरगा काम थांबवू शकतो का, आणि याआधी कुणी थांबवलं तेव्हा त्याचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला कॅम्पमधले जुने कामगार जे सांगतील ते ऑफिसातल्या उत्तरापेक्षा जास्त धरायचं.

ड्रिलर आणि शिफ्ट इन्चार्ज यांच्याकडे 'वेल कंट्रोल'चं प्रमाणपत्र लागतं. ते दोन वर्षांपुरतंच चालतं, मग पुन्हा परीक्षा द्यावी लागते. आपल्या पाळीच्या ड्रिलरचं कधी संपतंय, हे विचारायला हरकत नाही.